विमान सोमवारी पहाटेचं, म्हणजे रविवारी रात्रीचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या एका काकांचा पुतण्या श्टुटगार्टला असतो. बायको जर्मन, मुलं नऊ आणि सहा वर्षांची. तीन आठवड्यांच्या भारतवारीचे शेवटचे पाच दिवस, एप्रिलअखेरीस, कोकणात काढायचे आहेत. काकांचा बेत: बुधवारी पुण्याहून गणपतीपुळे, गुरुवार-शुक्रवार मालवण, शनिवारी परत वर येऊन वेळणेश्वरजवळच्या मूळ घरी आत्यांकडे मुक्काम, आणि रविवारी तिथेच जेवून दुपारी एकला गाडीने मुंबई. विमान सोमवारी पहाटे २.४० चं. हे जमेल का, आणि आंब्याच्या किती पेट्या नेता येतील, असं त्यांनी विचारलंय.

मी गुहागर तालुक्यात २००३ पासून घरगुती मुक्कामाची सोय चालवते. पाहुणा येतो कधी हे मला महत्त्वाचं वाटत नाही. तो इथून निघून विमानात बसतो कधी, यावर माझी झोप अवलंबून असते. म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणं. मालवण काढून टाका. आत्यांचं घर शेवटी ठेवू नका, सगळ्यात आधी घ्या. आंब्याची एकही पेटी न्यायची नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे मूळ घर शेवटीच ठेवायची पद्धत. सगळं फिरून झालं की देवाला नारळ, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, ओटी भरायची, हातावर दही ठेवायचं आणि निघायचं. निघणारा दादरला राहत होता आणि रात्रीच्या एसटीने जात होता तोवर ते ठीक होतं. आता निघणाऱ्याला तीन तास आधी विमानतळावर उभं राहायचं असतं. आणि कोकणातल्या घरातून निघायला अर्धा दिवस लागतो. शेजारच्या वाडीतली काकू 'जाताना डोकावून जा हो' म्हणते. तिच्याकडे डोकावलं की समोरच्या घरात न जाणं बरं दिसत नाही. तेवढ्यात कोणीतरी फणस कापायला घेतं. त्या घरातला शेवटचा दिवस म्हणजे नुसती बॅगांची उलथापालथ. मुलं आत्याआजीच्या मांडीवर बसायची सोडून बुटाची जोडी शोधत असतात आणि आत्या स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत. घर आधी घेतलंत तर तिथले दोन दिवस खरेखुरे मिळतात, निरोप निरोपासारखा होतो, आणि पुढे काही राहिलं तर ते राहून गेलेलं चालतं.

आता रस्त्याचं. वेळणेश्वर ते मुंबई विमानतळ हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एकला निघून रात्री साडेअकराला पोचायचं म्हणजे साडेदहा तास हातात, भरपूर झाले, असंच तुम्हाला वाटलं असणार. मलाही २०१४ च्या मे महिन्यात तसंच वाटलं होतं. फ्रेंच जोडपं होतं, पहाटे तीनचं विमान, वेळ मीच सांगितली होती. इंदापूरच्या अलीकडे एक टँकर आडवा झाला. संध्याकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत गाडी जागची हलली नाही. ती दोघं विमानतळाच्या दारात पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. विमान उभं होतं, पण ते त्यांचं राहिलं नव्हतं. त्यानंतर मी कोणालाही विमानाच्या दिवशी इथून सोडत नाही.

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण इतकी वर्षं चाललंय की ते सुरू झालं तेव्हा शाळेत जाणारी आमच्या गावची मुलं आता त्याच रस्त्यावर टॅक्सी चालवतात. कशेडीच्या बोगद्यांमुळे घाटातली कटकट गेली, हे खरं. पण बोगद्यात वाचलेला अर्धा तास माणगावच्या बाजारपेठेत व्याजासकट परत द्यावा लागतो. त्यात तुमचा दिवस रविवार. रविवारी दुपारनंतर अलिबागपासून दापोलीपर्यंत आलेली सगळी मुंबई एकाच दिशेने परत निघालेली असते. शिवाय एप्रिलअखेर म्हणजे १ मेला जोडून सुट्टी आलीय का, तेही कॅलेंडरात बघा.

मग रेल्वे? वंदे भारत खेडला थांबते, मांडवी दुपारी चिपळूणला मिळते, दोन्ही रात्री मुंबईत. कागदावर विमानाशी गाठ छान पडते, म्हणूनच भीती वाटते. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी आहे. एक मालगाडी अडकली की मागच्या सगळ्या गाड्या स्टेशनात बसून राहतात. आदल्या दिवशीच्या प्रवासाला रेल्वे उत्तम, त्याच रात्रीच्या विमानाला नाही. शिवाय तिकीट साठ दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याच्या तोंडावर ते उघडल्या-उघडल्या संपतं, त्यामुळे आता विचार करून उपयोगही नसेल.

एक मूर्ख वाटेल अशी गोष्ट सांगते. तिकिटावर सोमवार लिहिलंय, वेळ पहाटेची. म्हणजे तुम्हाला रविवारी रात्री विमानतळावर असायला हवं. तुम्ही हे बरोबर धरलंय, पण दर दोन-तीन वर्षांनी एक तरी शिकलेलं कुटुंब सोमवारी संध्याकाळी निघायच्या तयारीत असतं. आणि आता दुसरीही गोष्ट बघावी लागते: तिकिटावर बीओएम (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई). डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झालाय आणि 'मुंबई' म्हणून दोन्ही दाखवतात. कोकणातून येणाऱ्याला नवी मुंबई जवळ पडते, पण ते जवळ असणं तिकीट तिथलं असेल तरच कामाचं.

माझा बेत असा. बुधवारी सकाळी लवकर पुण्याहून सातारा, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण करत थेट वेळणेश्वर. बुधवार, गुरुवार मुक्काम घरी. शुक्रवारी सकाळी निघून धोपाव्याला यायचं आणि जंगल जेटीने गाडीसकट दाभोळला उतरायचं. मुलांना गाडी बोटीवर चढते हेच केवढं अप्रूप वाटतं. माझ्याकडे आलेल्या एका डच मुलाने किल्ल्यांपेक्षा या फेरीबोटीची चित्रं जास्त काढली होती. शुक्रवारचा मुक्काम दापोलीच्या बाजूला, हर्णे किंवा मुरूड. संध्याकाळी हर्णे बंदरात मासळीचा लिलाव असतो, तो मात्र चुकवू नका.

शनिवारी वेसवीहून बागमांडला, बाणकोटची खाडी ओलांडून. हरिहरेश्वर, श्रीवर्धन करत दिघी, तिथून पुन्हा गाडीसकट आगरदांडा, आणि पुढे मुरूड-जंजिऱ्यावरून अलिबागकडे. दिवस भरगच्च आहे, त्यामुळे वाटेत सगळं बघायचा हट्ट धरू नका. जंजिरा रस्त्यावरून दिसतो तेवढा पुरे. मुक्काम मांडव्याच्या जवळ. रविवारी सकाळी मांडव्याहून रो-रोने गाडी घेऊन भाऊच्या धक्क्यावर, साधारण तासाभरात. गर्दी संध्याकाळी परत येते, तुम्ही सकाळी जाताय, तरीही तिकीट आधीच काढून ठेवा. वारा सुटून बोट रद्द झालीच तर वडखळ, पेण आणि पुढे अटल सेतूवरून मुंबई आहेच, आणि हातात अख्खा दिवस आहे. दुपारी विमानतळाजवळच्या हॉटेलात जायचं. ती खोली रविवार रात्रीसाठी घ्यावी लागेल. दहाच वाजता सोडायची असली तरी रात्रीचे पैसे पडतील, आणि इथे पुतण्या नको म्हणेल. ऐकू नका. आंघोळ करून, चार तास झोपून विमानात बसलेली मुलं आणि पायाला वाळू चिकटलेली, चिडलेली मुलं यांतला फरक शेजारच्या सीटवरच्या माणसाला विचारा.

यात वेळणेश्वर ते मुंबई हे एकच लांब अंतर तीन दिवसांत वाटलं जातं आणि प्रत्येक दिवशी आपण विमानाच्या थोडे जवळ येतो. मालवणात नेमकं उलटं होतं. पाचातले दोन दिवस आपण विमानापासून लांब जातो. मालवणच करायचं होतं तर तिकीट गोव्याच्या मोपा विमानतळाहून काढायला हवं होतं. ते आता होणार नाही. सिंधुदुर्ग किल्ला पुढच्या खेपेला.

आता आंबे. पुतण्याला रत्नागिरी हापूसची पेटी श्टुटगार्टला उघडायची आहे, हे मी समजू शकते. पण १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने ताजं फळ, भाजी, पान, बी काहीही आणलं तर त्यासोबत पीक-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र निर्यातदाराला मिळतं, तुमच्या आत्यांना नाही. त्याच्याही आधी, २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या २०७ खेपांत फळमाश्या आणि इतर किडी सापडल्या, म्हणून १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा बंद केला होता. त्याच यादीत अळू, वांगं, कारलं आणि पडवळ होतं. आमच्या परसातली निम्मी भाजी एका फटक्यात आंतरराष्ट्रीय झाली, असं आमचे हे म्हणायचे. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, तीही आंबा ४८ अंश तापमानाच्या गरम पाण्यात तासभर बुडवून पाठवायची सोय झाल्यावर. आत्यांच्या अढीतला आंबा त्या पाण्यात बुडालेला नसतो. फ्रँकफर्टला तो पिशवीतून काढून कचऱ्यात टाकतात, वर दंड होऊ शकतो. तेव्हा आंबे इथेच खा. चार दिवस रोज सकाळ-संध्याकाळ, हात कोपरापर्यंत भरेपर्यंत खा. न्यायचाच तर आमरसाचा हवाबंद डबा किंवा आंबापोळी न्या.

त्या नियमात पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे ओटीतला नारळ जर्मनीत चालतो! फक्त तो हातातल्या पिशवीत ठेवू नका, सुरक्षा तपासणीला अडवतात. मोठ्या बॅगेत घाला आणि आधी विमान कंपनीला विचारून ठेवा. सुकं खोबरं मात्र कुठेच नाही. तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं, आणि आपल्याच विमानतळावर बॅग उघडायला लावतात. आत्या मसाल्यासोबत खोबऱ्याच्या दोन वाट्या हमखास ठेवतील, म्हणून आधीच सांगितलं.

दुसरा वांधा तुपाचा. दूध आणि मांस, आणि त्यांचे पदार्थ, प्रवाशाच्या सामानातून युरोपात नेता येत नाहीत. घरचं साजूक तूप, पेढे, खवा घातलेलं काहीही ठेवू नका. मध माणशी दोन किलोपर्यंत चालतो. आणि गंमत म्हणजे मासे चालतात, माणशी वीस किलोपर्यंत. म्हणजे तूप अडेल पण सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, जातील. तरी माझं मत विचाराल तर सोडे पाव किलो द्या, बोंबील अजिबात नको. सोडे एकदा कडक उन्हात पुन्हा वाळवायचे, गार झाल्यावर तीन पिशव्यांत एकात एक बांधायचे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. बोंबलाला कसाही बांधा, तो कपड्यांत उतरतोच. माझ्या एका पाहुण्याचा ऑफिसचा कोट वर्षभर हर्णे बंदरात राहत होता.

निर्धास्त द्यायच्या वस्तू: आमसुलं, भाजलेले काजू, कुळथाचं पीठ, फणसपोळी, घरचा मसाला. कोकम आगळ द्यायचं तर मोठ्या बॅगेत, बाटलीचं बूच टेपने बांधून, आणि तिच्याभोवती असे कपडे की जे लाल झाले तरी चालतील. लोणचंही तसंच, हातातल्या पिशवीत तेलाचं लोणचं नेऊन लोक दरवेळी आशेने उभे राहतात आणि दरवेळी बरणी तिथेच ठेवून जातात. कढीपत्ता, विड्याची पानं, झेंडूची वेणी, देवीच्या प्रसादातलं फूल, सगळं ताजं पान म्हणून धरलं जातं. सूनबाईंच्या केसातला गजरा विमानात चढण्याआधी काढायला सांगा.

आत्या आणखी एक गोष्ट करतील. माळ्यावरून पितळी समई किंवा जुना पानाचा डबा काढतील आणि 'हे तुझ्या पणजीचं' म्हणून देतील. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि देशाबाहेर नेता येत नाही. पणजीचं म्हटलं की वय शंभराच्या आसपास जातंच. नसेल तरी ते विमानतळावर रात्री बारा वाजता सिद्ध कोण करणार? डबा इथेच राहू दे, मुलं पुढच्या खेपेला त्यातून पान देतील. मुलांनी वेचलेल्या मूठभर साध्या शिंपल्यांना कोणी काही म्हणत नाही, पण पोवळ्याचा तुकडा, वाळलेला समुद्रघोडा, मोठा शंख यांतल्या बऱ्याच गोष्टी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. किनाऱ्यावर विकायला ठेवलेत म्हणून ते न्यायला चालतात असं नाही.

खाण्यापिण्याबद्दल. तिसऱ्या, कालवं, खेकडे बुधवार-गुरुवारी घरी खाऊन घ्या, आत्या ताजे बघूनच घेतील. शनिवारपासून नाही. सोलकढी नारळाच्या दुधाची, उन्हाळ्यात दोन-तीन तासांत उतरते, त्यामुळे ढाब्यावरची नको. शेवटचे दोन दिवस मऊ भात, आमटी, तळलेला मासा, शहाळं. सूनबाईंना तीन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून आता काय होणार, असं वाटेल. बारा-पंधरा तासांच्या प्रवासात पोट बिघडलं की ते कळतं. समुद्रात जायचं ते शुक्रवारपर्यंत, तेही स्थानिक माणसाला विचारून आणि कमरेच्या वर पाणी नको. गणपतीपुळ्याला दरवर्षी माणसं का बुडतात, हे इथल्या कोळ्यांना विचारा. शनिवारी ओले झालेले कपडे रविवारी वाळत नाहीत. एप्रिलची आमची हवा इतकी दमट असते की दोरीवरचा टॉवेल सकाळी आदल्या रात्रीपेक्षा ओला वाटतो. ओलं सामान बॅगेत बांधलं की दोन किलो वजन वाढतं आणि घरी पोचेपर्यंत वास येतो.

कागदपत्रं. सूनबाई परदेशी नागरिक, त्यामुळे जिथे राहतील तिथल्या यजमानाने चोवीस तासांत ऑनलाइन माहिती भरायची असते, ज्याला आम्ही अजूनही सी-फॉर्म म्हणतो. मुक्कामाची जागा ठरवतानाच 'परदेशी पाहुण्यांची नोंद करता ना?' असं विचारा. गडबडून 'बघू' म्हणाले तर दुसरी जागा शोधा. हा नियम खाजगी घरालाही लागतो, म्हणून आत्यांच्या घरासाठी तुम्ही आधीच जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून ठेवा. या नोंदीसाठी पासपोर्ट मागतात आणि तो टेबलाच्या खणात राहतो. दर मुक्काम सोडताना गाडी सुरू करायच्या आधी चारही पासपोर्ट हातात धरून मोजायचे, मुलांची ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डं त्यांच्यासोबत. तिकिटाची छापील प्रत शृंगारतळीच्या बाजारात काढून घ्या. विमानतळाच्या दारात जवान तिकीट आणि पासपोर्ट बघूनच आत सोडतो, आणि नेमका तेव्हाच फोन मान टाकतो. पॉवर बँक हातातल्या पिशवीत.

आत्यांचं काय, हा प्रश्न राहिला. घर आधी घेतलं म्हणजे निरोप शुक्रवारी, आणि त्यांना वाटेल की पोरं दोन दिवस राहून पळाली. त्यांना गाडीत बसवून दापोलीपर्यंत न्या. मागची सीट थोडी दाटीची होईल, एवढंच. शुक्रवारची रात्र सगळ्यांनी एकत्र काढायची, शनिवारी सकाळी दाभोळला जाणाऱ्या एसटीत त्यांना बसवून द्यायचं, पलीकडे धोपाव्याला त्यांना न्यायला गावातली रिक्षा सांगून ठेवायची. माझी सासू ऐंशीव्या वर्षी अशी एकटी फेरीबोटीतून परत आली होती आणि महिनाभर तेच सांगत होती. ओटी भरणं, दही, सगळं दापोलीत करता येतं. दही वाटीतून न्या, तिथलं गोड निघतं.

आणि गाडीच्या ड्रायव्हरसाठी रविवारी दुपारी झोपायला जागा बघा. तो सलग पाच दिवस गाडी चालवणार आहे आणि तुम्हाला विमानतळावर सोडून मध्यरात्री एकटाच पुण्याला परत निघणार आहे.